वळणावर पुरलेला विमानाचा टायर

गाडी थांबवू नका. नुसती हळू करा, म्हणजे मला सांगता येईल आणि तुम्हाला ऐकता येईल.

जुन्या रस्त्यावरून कुसगावच्या दिशेला आत वळताना, जिथे डोंगराचं पाणी गटार सोडून थेट रस्त्यावर येतं, तिथे डाव्या हाताला अर्धा जमिनीत पुरलेला, चुन्यानं पांढरा केलेला एक टायर दिसतो. तो मी. लोणावळ्याला फिरायला येणारी मंडळी मला ट्रकचा समजतात. मध्ये एकानं माझ्यावर पाय ठेवून फोटो काढला आणि जाताना खाल्लेलं कणीस माझ्या पोटात टाकून गेला. मी ट्रकचा नाही. मी विमानाचा टायर आहे. एवढं एकदा सांगून टाकलं, की पुढचं शांतपणे सांगतो.

माझा जन्म कुठल्या मुलखातला, ते मला नीट ठाऊक नाही. साच्यातून बाहेर आलो तेव्हा अंग भाजत होतं, आणि अंगावर गोल फिरणाऱ्या सरळ खाचा होत्या, बाकी काही नाही. ट्रकच्या टायरवर असते तशी वेडीवाकडी नक्षी आमच्या नशिबी नसते. पण त्या साध्या खाचांना कमी समजू नका. जमिनीवर पाणी असलं की ते त्या खाचांतून बाजूला पळतं, आणि मग रबर जमिनीला टेकतं. पाण्याला पळायला वाट ठेवायची, एवढ्यावरच आमचं सगळं आयुष्य उभं असतं.

माझा बहुतेक वेळ विमानाच्या पोटात, अंधारात आणि थंडीत जायचा. मग पोट उघडायचं, वारा अंगावर यायचा, आणि खालून जमीन धावत यायची. मी स्थिर आणि ती पळती. टेकल्या क्षणी मला तिच्या वेगानं फिरायला लागायचं. त्या झटक्यात माझं थोडं कातडं जळून धावपट्टीवर राहायचं. धावपट्ट्यांवर जे काळे पट्टे दिसतात ते आम्हीच असतो. इकडे माझा धूर निघालेला असायचा आणि वर माणसं खुर्चीचे पट्टे सोडून मोबाईल चालू करण्याच्या घाईत असायची. कुणी टाळ्या वाजवल्याच तर त्या वैमानिकाला. टायरला कुणी टाळी दिल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

खाचा झिजल्या की मला उतरवायचे, वरचं कातडं सोलायचे आणि नवीन चढवायचे. साप कात टाकतो तसं. असा मी किती तरी वेळा नवा झालो. वाटायचं, हे असंच चालत राहणार.

मग तो पावसाचा दिवस आला. धावपट्टीवर पाणी साचलं होतं. विमान जरा जास्त वेगात होतं आणि जरा पुढे जाऊन टेकलं. मी टेकलो, असं म्हणायची नुसती पद्धत. खरं म्हणजे मी टेकलोच नाही. माझ्यात आणि जमिनीत पाणी शिरलं. त्याला पळायला वेळच मिळाला नाही, तेव्हा त्यानं मलाच उचललं. वर वैमानिकानं ब्रेक पूर्ण दाबलेला होता. माझं फिरणं थांबलं, पण विमान थांबेना. मी स्थिर, तरीही पळतोय. आणि सगळं शांत झालं. चाकाला जमिनीचा आवाज लागतो, माणसाला श्वास लागतो तसा. तो आवाज गेला.

माझ्याखाली अडकलेलं पाणी तापलं, त्याची वाफ झाली आणि त्या वाफेत माझ्या अंगाचा हातभर भाग शिजला. विमान शेवटी धावपट्टीच्या टोकाशी कसंबसं उभं राहिलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नंतर छत्र्या घेऊन माणसं चालत मागे गेली, ब्रेकचे डाग शोधायला. काळा डाग कुठेच नव्हता. उलट पांढरी पट्टी होती, राखेनं घासलेल्या भांड्यासारखी स्वच्छ. वाफेनं धावपट्टी धुतली होती. ती स्वच्छ पट्टी बघून त्यांच्यातला एक जण गप्प झाला, ते मला अजून दिसतं.

शिजलेलं अंग पुन्हा नवं करता येत नाही. मी भंगारात गेलो.

भंगाराच्या त्या ढिगातून मला निवडलं हौशीरामांनी. आंबीचे शेतकरी, भाताची शेती, उंच माणूस. त्यांना बैलगाडीच्या लाकडी चाकांच्या जागी टायर बसवायचे होते. मावळात विमानाच्या टायरला मान आहे. त्यांनी मला उभा करून थोपटलं आणि दुकानदाराला म्हणाले, “ह्यो काट्याला भीत न्हाई.” मग त्यांचा हात त्या शिजलेल्या डागावर गेला. तिथे मी सपाट झालो होतो. दुकानदार दुसरा काढून देत होता, पण हौशीराम म्हणाले, “असू दे. आवाज करंल. घरी कळंल तरी, मी आलो म्हनून.”

आणि तसंच झालं. प्रत्येक फेऱ्याला तो सपाट भाग जमिनीवर यायचा आणि ‘थप’ असा आवाज व्हायचा. बैलांच्या चालीनं थप… थप… थप. दुसऱ्या बाजूचा टायरही विमानाचाच होता, पण तो धडधाकट, म्हणून मुका. गाडी ओढ्यापाशी आली की घरात मुक्ताबाईंना, म्हणजे हौशीरामांच्या बायकोला, माझा आवाज ऐकू जायचा. त्या चहाचं आधण ठेवायच्या. बैल सोडून हौशीराम हातपाय धुऊन ओट्यावर येईपर्यंत चहा कपात पडलेला असायचा. आकाशात मी शेकडो माणसं उतरवली, पण माझ्या आवाजानं कुणी चूल पेटवल्याचं इथेच पाहिलं. मला ते फार आवडायचं.

विमानात माझ्यात हवा अशी ठासून भरलेली असायची, की दगडसुद्धा मऊ वाटावा. तेवढी हवा बैलगाडीत भरली तर गाडी उड्या मारते. म्हणून हौशीराम माझ्यात थोडीच हवा ठेवायचे. खाचाही हळूहळू झिजून पुसट झाल्या. बैलांच्या चालीला ते सगळं चालण्यासारखं होतं. बैल थांबले की गाडी थांबते. तिला वेगळा ब्रेक लागत नाही.

पुढे एक बैल म्हातारा होऊन गेला, दुसरा एकटा पडला, म्हणून हौशीरामांनी तो मेव्हण्याच्या दावणीला दिला. मुलगा सत्यम तळेगावच्या एका कारखान्यात कामाला होता आणि त्यानं पिकअप घेतली होती. बैलगाडी नुसती उभी राहून किडणार, असं त्याला वाटलं. त्यानं बैलांची जोखडाची बाजू कापून तिथे लोखंडी हूक जोडून घेतला आणि मला पिकअपच्या मागे लावलं. गावात सगळ्यांनी कौतुक केलं. असं पुष्कळ जण करतात. चाकं तीच, गाडी तीच, फक्त पुढे बैल नाहीत. बैलांबरोबर ब्रेकही गेला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण टायरला कोण विचारतं?

श्रावणातली गोष्ट. घरचा इंद्रायणी तांदूळ कुसगावच्या हॉटेलांना आणि बंगल्यांना पोचवायचा होता. पिकअप भरली, उरलेली पोती माझ्यावर आली. निम्मी वडगावात उतरली, तेव्हा मी हलका झालो. कामशेतच्या पुढे पाऊस वाढला आणि वाऱ्यानं ताडपत्री उडायला लागली. सत्यमनं गाडी बाजूला घेऊन ती बांधली, ती पुन्हा सुटली. मग हौशीराम केबिनमधून उतरून मागे आले आणि पोत्यांवर ताडपत्री धरून बसले. सत्यम त्यांना आत बसा म्हणत होता. ते म्हणाले, तांदूळ भिजला तर कुणी घ्यायचं नाही, तू चल.

सत्यमनं गाडी काढली. आणि पळवली.

माझा थप-थप इतका जवळजवळ पडायला लागला की एकच आवाज वाटावा. या वळणावर डोंगराचं पाणी आडवं पसरलं होतं. वळणापलीकडे धबधबा बघायला थांबलेली एक मोटार रस्त्यावर तिरकी उभी होती. सत्यमनं ब्रेक दाबला. दाबला, हे मी सांगतो. पुढून आलेला तो दाब मला हुकातून कळला. आणि त्याच क्षणी माझा आवाज थांबला.

ती शांतता मी ओळखली.

हौशीरामांनीही ओळखली असावी. बैलगाडीच्या दिवसांपासून तो आवाज त्यांच्या कानात बसला होता. त्यांनी ताडपत्रीतून मान वर काढली आणि वाकून माझ्याकडे पाहिलं. काय झालं रे, असं एखाद्या जनावराला विचारावं तसं. मग पिकअप तरंगत पुढे, मी तरंगत आडवा, आणि डाव्या हाताचा दगडी बांध. मोटारीला धक्का लागला नाही. तिच्यातल्या लोकांनीच रुग्णवाहिका बोलावली. सत्यमला थोडं लागलं. हौशीराम गेले.

पाऊस उघडल्यावर मुक्ताबाईंचे भाऊ कैलास सुदुंबऱ्याहून आले आणि जागा बघायला गेले. अपघात झाला की माणसं आधी रस्त्यावर ब्रेकचा डाग बघतात. कैलासही तेच बघत वळणावर पुढेमागे फिरले. परत येऊन त्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलं, “कुटं बी काळा डाग न्हाई. ह्यानं ब्रेक दाबलाच न्हाई. मोबाईलमदी बघत असंल.”

सत्यम म्हणाला, “मामा, म्या दाबलाता.” मग कैलासांनी विचारलं, मग डाग कुठे आहे?

त्या दिवसापासून मुक्ताबाई मुलाशी बोलायच्या बंद झाल्या. भांडल्या नाहीत, रडून गोंधळ केला नाही. त्याच्या समोर बसून सून कोमलला सांगायच्या, त्याला म्हणावं जेवून घे. त्याला म्हणावं अंगणातला पंप बंद कर. कोमल बिचारी दोन हातांवरच्या माणसांमध्ये निरोप्या झाली. आणि मुक्ताबाई पिकअपमध्ये पुन्हा बसल्या नाहीत. दवाखान्यात जायचं असलं तरी एसटीची वाट बघत फाट्यावर उभ्या राहायच्या, आणि सत्यमची गाडी समोरून जायची.

मोडकी बैलगाडी जळणाला गेली, पिकअप दुरुस्त होऊन आली. मला अंगणात, गोठ्याच्या भिंतीशी आडवा टाकला. रोज सांजवेळी सत्यम कामावरून यायचा आणि माझ्यावर बसायचा. बसल्या बसल्या उजवा पाय मातीत दाबायचा. सोडायचा, पुन्हा दाबायचा. तिथे मातीत टाचेएवढा खड्डा पडला होता. तो पाय कुणाला दिसत नव्हता, फक्त मला दिसायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, दाबला होतास तू. पण आम्हा टायरांचा आवाज फिरताना येतो. पडल्या पडल्या आम्ही मुकेच.

मात्र एक गोष्ट मला आजही कळलेली नाही. मी आडवा पडलेला, मला बांधायला गाडी नाही, ओढायला बैल नाहीत. तरी कधी कधी सांजवेळी ओढ्याच्या बाजूनं आवाज यायचा. थप… थप… थप. माझाच. मला वाटायचं, म्हातारपणाचा भास असेल. पण तेवढ्यात घरात भांडं वाजायचं. मुक्ताबाई उठून आधण ठेवायच्या. दारात येऊन ओढ्याकडे बघायच्या. मग आत जाऊन गॅस बंद करायच्या आणि ते पाणी तुळशीला घालायच्या. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होता. माझ्या अंगावर काटा यायचा, आता रबराला काटा येतो का ते तुम्ही ठरवा.

दिवाळी होऊन गेली. भात झोडून झाला होता. कुसगावला एका बंगल्यात शरच्चंद्र नावाचे निवृत्त गृहस्थ राहतात, ते दरवर्षी याच घरचा तांदूळ घ्यायचे. हौशीराम गेल्याचं त्यांना उशिरा कळलं, म्हणून ते भेटायला आंबीला आले. ओट्यावर टेकण्याआधीच त्यांची नजर माझ्यावर पडली. ते तसेच माझ्याजवळ आले, गुडघ्यावर बसले आणि त्या शिजलेल्या डागावर बोटं फिरवली. त्या बोटांना मी ओळखत नव्हतो, पण त्यांना माझी जात ठाऊक होती. त्यांची सगळी नोकरी विमानांची चाकं आणि ब्रेक तपासण्यात गेली होती.

त्यांनी विचारलं, हा तुमच्या गाडीला होता का? त्या दिवशी? सत्यमनं मान हलवली. मग शरच्चंद्रांनी हळूहळू सगळं विचारून घेतलं, पाणी किती होतं, हवा किती होती, पोती किती उरली होती. सत्यम उत्तरं देत होता आणि बोलता बोलता त्याचा उजवा पाय आपोआप मातीत दाबला जात होता. दारात मुक्ताबाई सूप घेऊन पाखडत बसल्या होत्या. पाखडणं थांबलं.

त्या म्हणाल्या, “भाऊ, एक विचारू? त्यानं ब्रेक दाबला असंल, तर डाग कसा न्हाई पडला?”

“ताई, काळा डाग रबर घासलं तर पडतो,” शरच्चंद्र म्हणाले. “पाण्यावर चाक रस्त्याला लागतच नाही. तरंगतं. मी धावपट्टीवर पाहिलंय. ब्रेक पूर्ण दाबलेला, आणि काळा डाग एकही नाही.”

हा तोच होता का, छत्रीखाली गप्प झालेला? मला सांगता येणार नाही. छत्रीखाली सगळी माणसं सारखीच दिसतात.

मुक्ताबाईंनी सुपातले दाणे बोटांनी सारखे केले. मग म्हणाल्या, “चिखलणीला फळी फिरवतो तवा बैल पळालं तर फळी पान्यावरनंच जाती. चिखलात बसत न्हाई.”

“अगदी तसंच.”

“हळू चाललं तर बसती.”

हा दुसरा भाग शरच्चंद्रांनी मुद्दाम सांगितला नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं. तो सांगायची गरज पडणार नाही अशी त्यांची समजूत होती. पण भाताच्या खाचरात जन्म काढलेल्या बाईला पाणी कुणी शिकवायचं? शेवटी ते हळूच “हो” म्हणाले.

मुक्ताबाईंनी सूप खाली ठेवलं आणि कोमलकडे न बघता थेट मुलाकडे पाहिलं. “लय पळवत व्हतास?”

श्रावणापासूनचा त्यांचा त्याच्याशी हा पहिला शब्द. कोमल भिंतीला टेकून उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

सत्यम म्हणाला, “व्हय. आबा भिजत व्हते, आई.”

मुक्ताबाई उठल्या, आल्या आणि माझ्यावर, त्याच्या शेजारी बसल्या. मी दोघांचं वजन पेललं. जास्त वजन मी पेललंय, पण इतकं जड नाही. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मातीत दाबलेला तो पाय थांबवला.

“ब्रेक दाबलास, ते खरं,” त्या म्हणाल्या. “पळवलीस, ते बी खरं. दोनी माझ्याच पदरात पडलंय. आता एकट्यानं नको वागवूस.”

मग तो रडला. मोठा बाप्या माणूस, पण आईच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. शरच्चंद्र तोंड फिरवून गोठ्याकडे बघत राहिले. त्या दिवशी चहा झाला तेव्हा मुक्ताबाईंनी सत्यमचा कप स्वतः त्याच्या हातात दिला.

गावातल्या पप्पूनं मला त्याच्या ट्रॉलीसाठी मागितलं होतं. विमानाचा टायर, अजून पुष्कळ चालेल, असं तो म्हणत होता. मुक्ताबाईंनी त्याला साफ नाही म्हटलं. सत्यमला म्हणाल्या, “ह्यो आता कुनाच्या गाडीला लागायचा न्हाई. तितं डाग न्हाई म्हनून समद्यांनी तुला बोल लावला. तितंच पुरू. डाग दिसू दे लोकांस्नी.”

म्हणून मी इथे आहे. खड्डा सत्यमनं खणला, आणि ज्यांना काळा डाग सापडला नव्हता त्या कैलासांनी मला धरून उभा केला. मातीही त्यांनीच पायानं घट्ट दाबली. चुना मुक्ताबाईंनी लावला. दर वर्षी पावसाच्या आधी त्या येऊन पुन्हा लावतात. पिकअपमधून येतात, सत्यमच्या शेजारी बसून. वळण आलं की त्या हलक्या आवाजात “हळू” म्हणतात. गाडी आधीच हळू झालेली असते.

शिजलेला भाग वरच्या बाजूला ठेवलाय. पाऊस पडतो, रस्त्यावर पाणी पसरतं, आणि मी जागचा न हलता पुन्हा ऐकतो. थप… थप… थप. ओढ्याकडून नाही, या वळणाच्या अलीकडून. मग मध्येच थांबतो. थांबतो तेव्हा वाटतं, कुणी तरी ताडपत्रीतून मान काढून माझ्याकडे बघतंय. मी त्यांना काय सांगणार? मी रोज तेच सांगतो, की सत्यमनं ब्रेक दाबला होता. ते ऐकतात की नाही, कळत नाही. पाणी वाहून जातं.

तुम्हाला मात्र ऐकू येतंय, म्हणून सांगतो. तुमच्या टायरच्या खाचा बघा, त्या झिजल्या असतील तर बदलून घ्या. हवा बघा. पाणी दिसलं की वेग आधीच उतरवा, कारण पाण्यावर चढल्यानंतर पाय कितीही दाबला तरी तो पाय तुमच्यापुरताच राहतो. आणि चाकांचा आवाज एकदम नाहीसा झाला, तर रस्ता छान गुळगुळीत लागला असं समजू नका. त्या शांततेत मी दोनदा होतो.

मुक्ताबाई अजून सांजवेळी आधण ठेवतात. पिकअपला माझ्यासारखा आवाज नाही, म्हणून सत्यम ओढ्यापाशी आला की एकदा हॉर्न वाजवतो. हॉर्न ऐकला की त्या पाण्यात पत्ती घालतात.

निघा आता. हळू जा. तुमच्याही घरी कुणी तरी तुमच्या चाकांकडे कान लावून बसलं असेल.